साकू कोइवू

साकू कोइवू : (२३ नोव्हेंबर १९७४). फिनलंडचा निवृत्त व्यावसायिक आइस हॉकीपटू. जन्म तुर्कू येथे. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमध्ये (एनएचएल) तो अठरा मोसम खेळला आणि १९९९ ते २००९ अशी दहा वर्षे मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या संघाचा कर्णधार होता. गोलांच्या आकड्यांत त्याचे देशबांधव यारी कुर्री आणि टीमू सेलाने त्याच्या खूप पुढे आहेत. स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, कोइवूला कधीच मिळाले नाही. तरीही फिनलंडमध्ये आणि मॉन्ट्रियलमध्ये त्याच्याइतका जीव लावलेला खेळाडू विरळाच. दुखापत आणि आजार यांनी त्याची कारकीर्द पुन्हा पुन्हा मोडली आणि प्रत्येक वेळी तो जिद्दीने परतला, हे त्यामागचे खरे कारण आहे.

आइस हॉकीत गोलरक्षक धरून प्रत्येक बाजूचे सहा खेळाडू बर्फावर असतात. आघाडीच्या तिघांपैकी मधल्याला सेंटर म्हणतात. खेळ सुरू होताना पंच रबराची चकती (पक) दोन सेंटरच्या मध्ये टाकतो आणि दोघेही वाकून ती काठीने आपल्या बाजूला ओढू पाहतात. याला फेसऑफ म्हणतात. कोइवू सेंटर होता. उंची जेमतेम १७८ सेंमी, म्हणजे या खेळातल्या धिप्पाड बचावपटूंपुढे लहानखुराच. अंगावर येणाऱ्याला चुकवून चकती सोबत्याच्या काठीवर अचूक नेऊन ठेवणे ही त्याची खासियत. त्यामुळे स्वतः केलेल्या गोलांपेक्षा सोबत्यांना करून दिलेले गोल त्याच्या नावावर दुपटीहून जास्त आहेत.

तुर्कूचा टीपीएस हा त्याचा घरचा क्लब. तिथल्या कनिष्ठ संघांतून वर येत १९९२-९३ मध्ये तो मुख्य संघात आला आणि क्लबने १९९३ व १९९५ साली फिनलंडचे अजिंक्यपद जिंकले. कॅनेडियन्सनी १९९३ च्या निवडीत (एनएचएलचे संघ नव्या खेळाडूंवर आळीपाळीने हक्क घेतात ती ‘ड्राफ्ट’) त्याला पहिल्या फेरीत एकविसाव्या क्रमांकावर घेतले, पण त्यानंतरही दोन वर्षे तो मायदेशीच राहिला.

ही दोन वर्षे फिनलंडच्या हॉकीसाठी फार मोलाची ठरली. १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्य, १९९२ आणि १९९४ च्या जागतिक स्पर्धांत पुन्हा रौप्य, अशी या देशाची गाडी सारखी दुसऱ्या क्रमांकावर अडकत होती. १९९५ ची जागतिक स्पर्धा शेजारच्या स्वीडनमध्ये झाली. अंतिम सामना स्टॉकहोमला, समोर स्वीडनच, आणि फिनलंडचा प्रशिक्षक कर्ट लिंडस्ट्रॉम हाही स्वीडिश. कोइवूच्या एका बाजूला विले पेल्टोनेन, दुसऱ्या बाजूला येरे लेहतिनेन. डोनाल्ड डकच्या तीन पुतण्यांच्या फिनिश नावांवरून या तिकडीला लोक ‘तुपू, हुपू आणि लुपू’ म्हणत. पेल्टोनेनने तीन गोल ठोकले, फिनलंड ४-१ ने जिंकले आणि देशाला पहिले जागतिक सुवर्ण मिळाले. स्पर्धेतला सर्वोत्तम आघाडीपटू कोइवू ठरला. त्या वेळी तो वीस वर्षांचा होता. पुढचे जागतिक सुवर्ण यायला २०११ साल उजाडले, यावरून त्या विजयाचे मोल कळते.

त्याच वर्षी तो मॉन्ट्रियलला गेला. पहिल्या मोसमात त्याने सर्व ८२ सामने खेळले. दुसऱ्या मोसमात लीगच्या गुणयादीत (गोल आणि साहाय्य यांचा प्रत्येकी एक गुण) तो अगदी वरच्या नावांत होता, तेवढ्यात डिसेंबर १९९६ मध्ये गुडघा गेला. गुडघा आणि खांदा यांनी पुढे अनेक मोसम त्याचा पिच्छा पुरवला. १९९९-२००० मध्ये तर तो फक्त २४ सामने खेळू शकला. त्या मोसमाच्या तोंडावरच त्याला कर्णधार केले होते. सर्वाधिक, म्हणजे २४ स्टॅनली कप जिंकलेला हा संघ. मोरिस रिशार आणि जाँ बेलिव्हो यांच्या छातीवर असलेले कर्णधाराचे ‘सी’ हे अक्षर युरोपातून आलेल्या खेळाडूला इथे प्रथमच मिळत होते.

सप्टेंबर २००१ मध्ये सरावासाठी फिनलंडहून मॉन्ट्रियलला परतताना त्याच्या पोटात तीव्र कळा येऊ लागल्या. तपासणीत पोटातला कर्करोग निघाला : बर्किट लिम्फोमा, झपाट्याने वाढणारा. तो पूर्ण मोसम हातचा गेला, असे सगळ्यांनी धरले होते. केमोथेरपीचे महिने काढून ९ एप्रिल २००२ रोजी, ऑटावाविरुद्धच्या सामन्यासाठी, तो मोल्सन सेंटरच्या बर्फावर उतरला. एकवीस हजारांहून अधिक प्रेक्षक उभे राहिले आणि सुमारे आठ मिनिटे टाळ्या थांबल्या नाहीत. ऑटावाचे खेळाडूही काठ्या आपटून दाद देत होते. कोइवूने हेल्मेट काढले. केस नुकते कुठे उगवू लागले होते. मॉन्ट्रियलने त्या रात्री सामना जिंकून बाद फेरीतली जागा पक्की केली. पुढे आठव्या क्रमांकाच्या या संघाने पूर्व विभागात अव्वल असलेल्या बॉस्टनला सहा सामन्यांत घरी पाठवले. उपचारांतून नुकत्याच उठलेल्या कर्णधाराने त्या बाद फेरीच्या १२ सामन्यांत ४ गोल केले आणि ६ करून दिले. त्या वर्षी चिकाटी आणि खेळनिष्ठेसाठीचा बिल मास्टर्टन करंडक त्याला मिळाला. पुढच्या मोसमात ८२ पैकी ८२ सामने आणि ७१ गुण, म्हणजे तोवरची त्याची सर्वोत्तम कामगिरी.

आजारपणात एक गोष्ट त्याच्या ध्यानात राहिली. पेट स्कॅनसाठी, म्हणजे कर्करोग शरीरात कुठे आहे हे दाखवणाऱ्या तपासणीसाठी, त्याला मॉन्ट्रियल सोडून शेरब्रुकपर्यंत जावे लागले होते. बरा झाल्यावर त्याने प्रतिष्ठान स्थापून निधी उभा केला आणि मॉन्ट्रियल जनरल हॉस्पिटलला पेट-सीटी यंत्र मिळवून दिले. खेळाडू देणग्या देतातच. पण स्वतःला नडलेली नेमकी उणीव हेरून ती पुढच्या रुग्णांसाठी भरून काढणे याला माझ्या मते वेगळे मोल आहे. याच समाजकार्यासाठी आणि नेतृत्वासाठी २००७ चा किंग क्लॅन्सी करंडक त्याला देण्यात आला.

२००६ हे साल त्याच्यासाठी दोनदा कठीण ठरले. फेब्रुवारीत तुरीनच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तो फिनलंडचा कर्णधार होता. सातही सामने जिंकून संघ अंतिम फेरीत आला. स्पर्धेत सर्वाधिक गुण कोइवू आणि सेलाने यांचे, प्रत्येकी ११. स्वीडनविरुद्ध दोन सत्रांनंतर २-२ अशी बरोबरी होती. तिसऱ्या सत्राच्या पहिल्याच फेसऑफला कोइवूची काठी मोडली. नियमाप्रमाणे मोडकी काठी हातात धरून खेळता येत नाही, म्हणून तो नवी आणायला बाकाकडे वळला. स्वीडनच्या मॅट्स सुंडीनसमोर जागा मोकळी झाली आणि सत्राच्या दहाव्या सेकंदाला निकलास लिडस्ट्रॉमने गोल केला. सामना ३-२ ने गेला. ती काठी फिनलंडचे हॉकीप्रेमी आजही विसरलेले नाहीत. कोइवूला दोष मात्र कोणी द्यावा असे त्यात काही नाही. एप्रिलमध्ये कॅरोलिनाविरुद्धच्या बाद फेरीत जस्टिन विल्यम्सची काठी त्याच्या डाव्या डोळ्यात घुसली. नेत्रपटल फाटले, शस्त्रक्रिया झाली, बाजूची नजर काही प्रमाणात कायमची अधू झाली. मॉन्ट्रियल तोवर सामन्यांच्या मालिकेत २-० ने पुढे होते. पुढचे चारही सामने हरले. ज्या सेंटरचा सगळा खेळ कडेने धावणाऱ्या सोबत्याला हेरण्यावर उभा, त्याची कडेचीच नजर जावी! आणि तरी २००६-०७ मध्ये त्याने ७५ गुण मिळवले, म्हणजे कारकिर्दीतला उच्चांक.

मॉन्ट्रियलमध्ये त्याच्या वाट्याला टीकाही आली. क्वेबेकच्या लोकांना हा संघ फ्रेंच भाषकांचा वाटतो, आणि इतकी वर्षे राहूनही कर्णधार फ्रेंचमध्ये बोलत नाही ही तक्रार २००७ साली जाहीर चर्चेचा विषय झाली. आपल्या भाषेचा मान राखला जावा ही अपेक्षा गैर नव्हती. पण रोष निघायचा तेव्हा बहुधा संघ हरत असे, हेही खरे.

२००९ मध्ये तो अनाहाइमला, जुन्या मित्राच्या, सेलानेच्या संघात गेला आणि तिथे पाच मोसम खेळून सप्टेंबर २०१४ मध्ये निवृत्त झाला. एनएचएलमध्ये एकूण १,१२४ सामने, २५५ गोल आणि ५७७ साहाय्ये मिळून ८३२ गुण. फिनलंडसाठी ऑलिंपिकमध्ये १९९४, १९९८ व २०१० ची कांस्यपदके आणि २००६ चे रौप्य. २००६ मध्ये खेळाडूंनी त्याला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या खेळाडू आयोगावर निवडून दिले, तर २०१७ साली सेलानेसोबत आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाच्या सन्मान दालनात त्याचा समावेश झाला. त्याचा धाकटा भाऊ मिक्को हाही सेंटर; तो मिनेसोटा वाइल्डचा पहिला कायमस्वरूपी कर्णधार. तुरीन आणि व्हँकुव्हर या दोन्ही ऑलिंपिकमध्ये दोघे भाऊ एकाच संघातून खेळले.