इंजेक्शन बदललं, हे शरीराला कळतं का?

एका औषध-चाचणीत पहिले १४ आठवडे सगळ्या रुग्णांना मूळ औषध. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाचं औषध तेच चालू राहिलं. दुसऱ्याला चौदाव्या आणि सोळाव्या आठवड्यात बायोसिमिलर (म्हणजे जिवंत पेशींकडून बनवून घेतलेल्या मूळ औषधाचं दुसऱ्या कंपनीने काढलेलं जवळपास जुळं), अठराव्या-विसाव्यात परत मूळ आणि बाविसाव्यापासून पुन्हा बायोसिमिलर. आपल्याला नेमकं काय टोचलं जातंय, हे रुग्णांना सांगितलं नव्हतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही. 'व्होल्टेअर-एक्स' नावाच्या या चाचणीत सोरायसिसचे, म्हणजे त्वचेवर लाल, पापुद्रे सुटणारे चट्टे येणाऱ्या आजाराचे, २३८ रुग्ण होते. ११८ अदलाबदलीच्या गटात, १२० जुन्याच औषधावर.

औषध होतं अ‍ॅडालिमुमॅब. मूळ ब्रँड ह्युमिरा, बायोसिमिलर बोरिंगर इंगेलहाइम कंपनीचं सिल्टेझो. आता कुणी म्हणेल, गोळीची कंपनी तर आपण दर महिन्याला बदलतो, त्याला कोण चाचणी घेत बसतं? पण अ‍ॅस्पिरिनच्या रेणूत अणू असतात २१. अ‍ॅडालिमुमॅब हे १,३३० अमिनो आम्लांचं प्रथिन आहे, त्यावर शर्करेच्या साखळ्या लटकलेल्या, आणि ते तयार करतात हॅम्स्टरच्या अंडाशयापासून वाढवलेल्या जिवंत पेशी. जिवंत पेशींकडून काम करून घ्यायचं म्हणजे विरजण लावण्यातली गत: दूध तेच, विरजण तेच, भांडंही तेच, तरी आजचं दही कालच्या दह्याची हुबेहूब प्रत नसते. म्हणून या औषधांच्या जुळ्यांना 'जनरिक' म्हणत नाहीत.

फरक बारीक असला, तरी आपली प्रतिकारशक्ती बारीक गोष्टींवरच नजर ठेवून असते. औषध परकं वाटलं, की ती त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवते. औषध येईल तसं रक्तातून गायब होतं आणि मिटत आलेले चट्टे पुन्हा वर येतात. ही भीती हवेतली नव्हे. १९९८ मध्ये युरोपात एरिथ्रोपोएटिनच्या (शरीराला लाल पेशी बनवायला लावणाऱ्या संप्रेरकाच्या) एका इंजेक्शनातलं मानवी अल्ब्युमिन हे प्रथिन काढून त्याजागी पॉलिसॉर्बेट नावाचं रसायन घातलं गेलं. पुढच्या काही वर्षांत ते इंजेक्शन त्वचेखाली घेणाऱ्या काही मूत्रपिंडाच्या रुग्णांमध्ये लाल पेशी बनणंच थांबलं; औषधाविरुद्धची प्रतिपिंडं शरीराच्या स्वतःच्या एरिथ्रोपोएटिनवरही उलटली होती.

या गोष्टीतली गंमत मात्र सहसा कुणी सांगत नाही. ते औषध बायोसिमिलर नव्हतं, मूळ कंपनीचंच होतं. मूळ औषधही वर्षानुवर्षं जसंच्या तसं राहत नाही. कारखान्यात यंत्रं बदलतात, प्रक्रिया सुधारतात, आणि बदलानंतरचा माल आधीच्याशी पुरेसा जुळतो एवढं दाखवलं की परवानगी मिळते. २०११ साली नेचर बायोटेक्नॉलॉजी या विज्ञान-नियतकालिकात एक छोटा शोधनिबंध आला. त्यात सोरायसिसवरच्याच एटानरसेप्टसह तीन नामांकित मूळ औषधांच्या वेगवेगळ्या काळातल्या बॅचेस तपासल्या होत्या, आणि शर्करेच्या साखळ्यांत चांगलाच फरक दिसला होता. (लेखक बायोसिमिलर बनवणाऱ्या कंपनीतले होते, हेही लक्षात ठेवू, पण मोजमाप ते मोजमाप.) म्हणजे 'मी कधीच औषध बदललं नाही' म्हणणाऱ्या रुग्णाचं औषधही नकळत थोडंफार बदललेलं असू शकतं. मला तरी या सगळ्या वादातला हा सर्वांत बोलका मुद्दा वाटतो.

बरं, चाचणीसाठी सोरायसिसच का? एक तर हा आजार डोळ्यांना दिसतो. डोकं, हात, धड, पाय अशा चार भागांत लाली किती, जाडी किती, पापुद्रे किती, याला शून्य ते चार गुण द्यायचे. किती त्वचा व्यापली त्याचा हिशेब धरायचा. रुग्णाचा स्वतःचा पंजा म्हणजे साधारण एक टक्का त्वचा! या सगळ्याची बेरीज म्हणजे 'पासी' गुणांक, शून्य ते ७२. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. संधिवातात अशा इंजेक्शनांबरोबर बहुधा मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषधही चालू असतं, आणि ते प्रतिपिंडांनाही दाबून टाकतं. सोरायसिसमध्ये इंजेक्शन बरेचदा एकटंच असतं. प्रतिकारशक्तीला कुरबुर करायची असेल, तर ती इथे उघड होते.

तरीही व्होल्टेअर-एक्सचा मुख्य निकष त्वचा नव्हती, रक्त होतं. त्वचा उशिरा बोलते. औषधाची पातळी आधी घसरते. तिसाव्या ते बत्तिसाव्या आठवड्यात, दोन इंजेक्शनांच्या मधल्या काळात, रक्तात औषध एकूण किती राहिलं आणि जास्तीत जास्त किती चढलं, हे मोजलं. शेवटचा बदल होऊन तोवर आठ आठवडे झाले होते, म्हणजे मूळ औषधाचा मागमूस फारसा उरलेला नव्हता. दोन गटांच्या पातळीचं गुणोत्तर, त्यातली अनिश्चितता धरूनही, ८० ते १२५ टक्क्यांच्या ठरलेल्या चौकटीत बसलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने सिल्टेझोला 'अदलाबदलीयोग्य' ठरवलं. याचा व्यावहारिक अर्थ असा, की राज्याचा कायदा आड येत नसेल तर फार्मासिस्ट डॉक्टरला न विचारता ह्युमिराऐवजी ते देऊ शकतो.

युरोपने असा वेगळा शिक्का कधी ठेवलाच नव्हता. नॉर्वेत तर सरकारी पैशातून ४८२ रुग्णांवर, त्यात काही सोरायसिसचेही, इन्फ्लिक्सिमॅब हे याच जातीचं दुसरं औषध बदलून त्याचं बायोसिमिलर देऊन पाहिलं. वर्षभरात मूळ औषधावरच्या २६ टक्के आणि बदललेल्या ३० टक्के लोकांचा आजार बळावला. दोन गटांतल्या फरकासाठी आधी ठरवलेली १५ टक्क्यांची मर्यादा ओलांडली गेली नाही. एफडीएच्या शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये औषध बदललेल्या ५,२५२ रुग्णांची आकडेवारी एकत्र केली. मृत्यू, गंभीर दुष्परिणाम, औषध सोडणं, कशातच फरक सापडला नाही. २०२४ च्या जूनमध्ये त्याच एफडीएने मसुदा काढला, की अशा अदलाबदलीच्या चाचण्या यापुढे सहसा लागणार नाहीत.

भारतात चित्र उलटं आहे. अमेरिकेत ह्युमिराचं पहिलं बायोसिमिलर दुकानात आलं जानेवारी २०२३ मध्ये. अहमदाबादच्या झायडसने स्वतःचं अ‍ॅडालिमुमॅब इथे डिसेंबर २०१४ मध्येच विकायला काढलं होतं, आणि नंतर इतरही कंपन्या आल्या. त्यामुळे आपल्याकडच्या रुग्णापुढे मूळ की बायोसिमिलर हा प्रश्न फारसा नसतो. या महिन्यात एक बायोसिमिलर आणि पुढच्या महिन्यात स्टॉक नाही म्हणून दुसरं, हा असतो. व्होल्टेअर-एक्सने ती अदलाबदल तपासलेलीच नव्हती.