साँसेर की मार्लबरो? द्राक्ष एकच, मग एवढा फरक का

दोन्ही 'सॉव्हिन्यॉ ब्लाँ' या एकाच द्राक्षाच्या पांढऱ्या वाइन आहेत हो. पण साँसेरच्या बाटलीवर द्राक्षाचं नाव सहसा नसतंच, गावाचं असतं, त्यामुळे बऱ्याच जणांना ती वेगळीच काहीतरी वाटते, आणि ज्यांना माहितीये ते न्यूझीलंडच्या मार्लबरोसारखी चव मिळेल म्हणून जास्तीचे पैसे मोजतात आणि मग म्हणतात, अरे हिच्यात तर काहीच नाही!

दोन्हीकडे हवामान 'थंड' असं लिहिलेलं असतं, घोळ तिथेच होतो. मार्लबरो आहे साउथ आयलंडच्या ईशान्य टोकाला. पश्चिमेचे डोंगर पाऊस अडवतात त्यामुळे ऊन भरपूर आणि कडक, पण समुद्र शेजारीच, म्हणून रात्री मस्त गार. दिवसा साखर आणि वास तयार होतो, रात्री आंबटपणा टिकून राहतो, आणि द्राक्ष सावकाश पिकतं. म्हणून ग्लास नाकाशी नेला की पॅशनफ्रूट आणि ढोबळी मिरची एकदमच येतात. पॅशनफ्रूटचा वास थायॉल नावाच्या रसायनांमुळे. मिरचीचा वास पायराझीनचा, तेच रसायन खऱ्या ढोबळी मिरचीतही असतं, उन्हाने आणि उष्णतेने ते कमी होत जातं पण इथे थंडीमुळे बऱ्यापैकी उरतं. इथली आधुनिक लागवड १९७३ ची, म्हणजे तशी कालचीच, तरी जगाला हीच चव 'खरी' वाटायला लागलीये.

साँसेर फ्रान्सच्या मध्यावर, लुआर नदीकाठी, समुद्रापासून लांब. हिवाळा कडक, आणि वसंतात कोंब फुटल्यावरसुद्धा दंव गोठून सगळं करपायची भीती, एप्रिल २०२१ मध्ये तर फ्रान्सभर द्राक्षवाल्यांचं कंबरडं मोडलं. इथे लिंबू, हिरवं सफरचंद, थोडा गारगोटी घासल्यासारखा वास, सगळं हळू आवाजात. लोक याचं श्रेय चुनखडीच्या जमिनीला देतात, मला ते जरा जास्तच वाटतं, मुळं काही दगडाची चव वर ओढून आणत नाहीत. आणि हल्ली उन्हाळे तापतायत, तोडणी लवकर होते, त्यामुळे तिथलीही वाइन आधीपेक्षा पिकलेली लागते.

आपल्या नाशिकचं गणित उलटं. तोडणी साधारण जानेवारी ते मार्च, म्हणजे द्राक्ष पिकतं तेव्हा ऊन वाढत चाललेलं असतं आणि आंबटपणा झपाट्याने उतरतो, म्हणून पहाटे गारव्यातच तोडतात.

ताटात कोथिंबीर-मिरचीचं झणझणीत काही असेल तर मार्लबरो घ्या. साँसेर बकरीच्या चीजबरोबर किंवा साध्या वाफवलेल्या माशाबरोबर, ठेच्यापुढे तिचा निभाव लागत नाही.