पाच रुपये बारा आण्यांची उधारी आणि तीन गांगुली

१९५८ सालच्या ‘चलती का नाम गाडी’ची गोष्ट विचाराल तर ती पोस्टकार्डावर मावेल. तीन भावांचं गॅरेज, थोरल्याला बायकांचं वावडं, पावसाच्या रात्री बंद पडलेली मोटार घेऊन आलेली मुलगी आणि तिने न दिलेले दुरुस्तीचे पाच रुपये बारा आणे. (नवे पैसे १ एप्रिल १९५७ला आले होते, पण गाण्याच्या ठेक्यात आणेच बसणार.) उत्तरार्धात खलनायक आणि कारस्थान येतं, ते मी दर वेळी अर्ध्या लक्षाने बघतो. सिनेमा बघायचा तो माणसांसाठी. आणि ही माणसं एकमेकांना कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा भेटत नव्हती.

खांडव्याचे वकील कुंजलाल गांगुली यांची ही तीन मुलं: कुमुदलाल, कल्याण आणि आभास. पडद्यावर ते अशोक, अनूप आणि किशोर झाले. अशोक १९११चा, किशोर १९२९चा, म्हणजे अठरा वर्षांचं अंतर. भाऊ कमी, वडीलच जास्त. बॉम्बे टॉकीज या फिल्म कंपनीत अशोककुमारचा दबदबा होता, त्या ओळखीवर धाकटे मुंबईत आले. दादामुनींना, म्हणजे अशोककुमारला, वाटे किशोरने नट व्हावं; किशोरला फक्त गायचं होतं. ‘जिद्दी’त (१९४८) संगीतकार खेमचंद प्रकाशांनी त्याला देव आनंदसाठी गायला लावलं, तरी नटाची नोकरी सुटली नाही. गंमत म्हणजे १९५८च्याच ‘रागिनी’त खुद्द किशोरला रफीचा आवाज दिला गेला! हे डोक्यात ठेवून बघा: पडद्यावरचा थोरला भाऊ ब्रिजमोहन धाकट्यांवर डाफरतो, तेव्हा अशोककुमारला अभिनय फारसा करावा लागला नसेल असं वाटतं.

दिग्दर्शक सत्येन बोस यांनी आदल्याच वर्षी ‘बंदी’त हे तिघे एकत्र आणले होते. तिथे सूर गंभीर होता. इथे त्यांनी तिघांना मोकळं सोडलं.

मोटार घेऊन आलेली मुलगी म्हणजे मधुबाला; तीही यांना नवखी नव्हती. ‘महल’मध्ये (१९४९) ती अशोककुमारची नायिका होती. १९५८च्याच ‘हावडा ब्रिज’मध्येही तीच जोडी, खलनायक तिथेही के. एन. सिंह, नाचायला हेलनसुद्धा. इकडे मात्र तोच नायक तिचा होऊ घातलेला जेठ. तिच्यासाठी १९५७ हे साल ‘नया दौर’ हा सिनेमा हातचा गेल्यावरच्या कोर्टकज्जात गेलं होतं. इथे ती हसते ते मनापासून हसल्यासारखं वाटतं, कधी तर किशोरच्या चाळ्यांना हसू आवरेना म्हणून. १९६०मध्ये दोघांनी लग्न केलं.

गाण्यांमागेही माणसांचाच इतिहास. त्या सुमारास संगीतकार सचिनदेव बर्मन आणि लताबाई यांचं बिनसलं होतं, त्यामुळे ‘हाल कैसा है जनाब का’ आशाबाईंकडे आलं. आज ते लताच्या आवाजात कल्पून बघा, जमत नाही. त्यातला खट्याळपणा आशाचाच. ‘एक लडकी भीगी भागी सी’ची चाल ‘सिक्स्टीन टन्स’ या अमेरिकन गाण्यावरून सुचलेली, तिकडे ते खाणकामगाराच्या कर्जाचं गाणं. मजरूहांनी लिहिलेलं आपलं गाणं गॅरेजात, हातात पाना घेऊन.

राहिला अनूप. एका बाजूला अशोककुमार, दुसऱ्या बाजूला कोलांट्या उड्या मारणारा किशोर; मधल्याने करायचं काय? पहिल्यांदा बघताना तो नजरेतून सुटतो. तिसऱ्यांदा बघाल तेव्हा फक्त त्याच्याकडे बघा: दादाने डोळे वटारले की आधी याचे खांदे पडतात, मग किशोरला हूड विनोद सुचतो.