कार्बन उत्सर्जनातील प्रादेशिक विषमता

जगातील निरनिराळ्या भूप्रदेशांच्या दरडोई कार्बन उत्सर्जनात आढळणारी तफावत. सर्व हरितगृह वायू हिशेबात धरल्यास २०१९ मध्ये दक्षिण आशियात माणशी सुमारे २.६ टन, तर उत्तर अमेरिकेत सुमारे १९ टन (कार्बन डाय-ऑक्साइड सममूल्य, म्हणजे इतर वायूंचा तापपरिणाम कार्बन डाय-ऑक्साइडच्या मापात मांडून) उत्सर्जन झाले.

कारणमीमांसेसाठी बहुधा काया सूत्र वापरतात. जपानी ऊर्जातज्ज्ञ योइची काया यांनी ते १९९० च्या सुमारास मांडले. त्यात उत्सर्जन हे चार घटकांचा गुणाकार म्हणून लिहितात : लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, उत्पन्नाच्या एककामागे लागणारी ऊर्जा (ऊर्जा-तीव्रता) आणि ऊर्जेच्या एककामागे बाहेर पडणारा कार्बन (कार्बन-तीव्रता). सूत्राचे मूळ १९७०–७२ च्या दरम्यान पॉल अर्लिक व जॉन होल्ड्रेन विरुद्ध बॅरी कॉमनर या अमेरिकन शास्त्रज्ञांच्या, पर्यावरणाच्या हानीला लोकसंख्या अधिक कारणीभूत की तंत्रज्ञान, या वादात सापडते. पर्यावरणावरील भार म्हणजे लोकसंख्या, सुबत्ता व तंत्रज्ञान यांचा गुणाकार, ही कल्पना त्या वादातून आली. तिचे श्रेय सहसा पहिल्या दोघांना दिले जाते. गुणाकाराची बीजगणिती मांडणी मात्र कॉमनर यांची मानणे अधिक सयुक्तिक दिसते. काया यांनी तंत्रज्ञानाचे पद दोन तीव्रतांत विभागले. मुळात ही नित्यसमानता आहे : पदे एकमेकांत छेदली जाऊन पुन्हा उत्सर्जनच उरते, त्यामुळे तिच्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

दरडोई तुलनेत लोकसंख्या गळते व तीन घटक उरतात. त्यांचा वाटा काढण्यासाठी दुरो व पादिल्या या अर्थतज्ज्ञांनी २००६ मध्ये थील निर्देशांकाचे (विषमता मोजणाऱ्या एका संख्येचे) घटकवार विघटन केले. घटक परस्परांत गुंतलेले असल्याने त्यांना दोन संमिश्र पदेही (घटकांचा एकत्रित परिणाम दाखवणारी) घ्यावी लागली. निष्कर्ष असा, की विषमतेचा मोठा भाग दरडोई उत्पन्नातील फरकातून येतो. दोन्ही तीव्रतांचा वाटा त्या मानाने कमी. या निष्कर्षावर चीन व भारत यांच्या वाटचालीचा मोठा प्रभाव आहे. शिवाय प्रदेशांच्या सीमा बदलल्या, की प्रदेशांतर्गत व प्रदेशांमधील विषमतेचे प्रमाणही बदलते.

उत्पन्न सारखे असूनही उत्सर्जन वेगळे असू शकते. फ्रान्समध्ये अणुऊर्जा व नॉर्वेत जलविद्युत यांमुळे विजेची कार्बन-तीव्रता कमी आहे.

उत्सर्जन उत्पादकाच्या खाती टाकावे की उपभोक्त्याच्या, यावर एकमत नाही. अधिकृत राष्ट्रीय हिशेब उत्पादनस्थळानुसार होतात. उपभोगाचा निकष लावल्यास चीनसारख्या निर्यातदार देशाचा आकडा घटतो व पश्चिम युरोपचा वाढतो. विषमतेच्या अभ्यासात हाच निकष अधिक ग्राह्य वाटतो. संचित उत्सर्जनाचा निकष वेगळा : १८५० ते २०१९ या काळातील कार्बन डाय-ऑक्साइडपैकी उत्तर अमेरिकेचा वाटा सुमारे २३ टक्के, युरोपचा १६, तर दक्षिण आशियाचा ४ टक्के होता.

आंतरराष्ट्रीय विमान व जहाज वाहतुकीचे इंधन कोणत्याच देशाच्या एकूण बेरजेत धरत नाहीत. जंगलतोड व जमीनवापराचे अंदाज जीवाश्म इंधनांच्या आकड्यांपेक्षा बरेच अनिश्चित असतात.