मोहल्ला समिती (भिवंडी)

जातीय दंगली रोखण्यासाठी ठाणे जिल्ह्यातील भिवंडी शहरात पोलिसांनी 1988 नंतर उभारलेली वस्तीपातळीवरची रचना. बोलण्यात ‘मोहल्ला कमिटी’. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी ती सुरू केली.

यंत्रमागांच्या या गावाची ख्याती तोवर दंगलींसाठीच होती. मे 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल पेटली. तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग नेमला गेला. 1984 मध्ये पुन्हा दंगल.

शांतता समित्या तेव्हाही होत्या. सण जवळ आला की पोलीस ठाण्यात पुढारी आणि प्रतिष्ठित मंडळी जमत, चहा होई, सलोख्याचे आवाहन निघे. दंगलीत ज्याच्या घरावर दगड पडायचा तो माणूस त्या खुर्च्यांवर क्वचितच असे. खोपडे यांनी नेमके हेच उलटे केले. शहरात सुमारे 70 समित्या नेमल्या, त्यांत हिंदू आणि मुस्लिम सभासद सारख्या संख्येने घेतले, आणि सण असो वा नसो, बैठका चालू ठेवल्या.

या बैठकांत धर्माची चर्चा फारशी नसे, आणि माझ्या मते रचनेचे खरे बळ तिथेच होते. नळावरची भांडणे, नवरा-बायकोचे तंटे, उसनवारी अशा गोष्टी पुढे येत. पोलिसी भाषेत यांतल्या बऱ्याच तक्रारी ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र. ठाण्यात नोंद होते आणि कागद तिथेच पडून राहतो. नळावर बादली कुणाची आधी, यावरून जुंपलेले दोघे वेगळ्या धर्मांचे निघाले की मात्र त्याच भांडणाची अफवा होते. समितीत ते आदल्या टप्प्यावरच मिटे. शिवाय शेजारी एकमेकांना आणि बीटच्या, म्हणजे त्या भागात गस्त घालणाऱ्या, हवालदाराला नावाने ओळखू लागले.

डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबईतील दंगलींत सुमारे 900 जणांचा बळी गेला. भिवंडी शांत राहिली. याचे सगळे श्रेय समित्यांना द्यावे का, यावर मतभेद होऊ शकतात, पण पूर्वेतिहास पाहता ही शांतता आपोआप आलेली नव्हती. पुढे मुंबईत पोलीस आयुक्तपद सांभाळलेले ज्युलिओ रिबेरो आणि सतीश साहनी, तसेच सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटी चळवळ उभी राहिली. तिने तरुणांसाठी क्रिकेटचे सामनेही भरवले.

कायद्यात या समितीला स्वतंत्र स्थान नव्हते. जमावबंदी किंवा ‘चॅप्टर केस’ (शांतता राखण्याची हमी घेण्याची कारवाई) यांना फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 आणि 107 चा आधार होता (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 163 आणि 126). समितीला आधार अधिकाऱ्याच्या इच्छेचा. बदलीच्या नोकरीत हा आधार कच्चाच. जुलै 2006 मध्ये कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून भिवंडीत जमाव आणि पोलीस भिडले. गोळीबारात दोन नागरिक आणि जमावाच्या हल्ल्यात दोन पोलीस शिपाई मारले गेले. या वेळी भांडणाची एक बाजू खुद्द पोलीसच होते.