'आंग सोडुचा म्हंजे काय करुचा?'

जूनमध्ये मासेमारी बंद झाली, होड्या वर ओढल्या, की आमच्या मालवणात पुरुष मंडळी जाळी विणत बसतात आणि डोक्यात कर्जाचे हप्ते फिरत असतात. अशाच एका पावसाळ्यात शाळेच्या हॉलमध्ये ताण कमी करायचं शिबिर होतं, बाईंनी सगळ्यांना सतरंजीवर आडवं केलं आणि म्हणाल्या अंग सैल सोडा. तर एक तांडेल (होडीचे प्रमुख) काका पडल्या पडल्या विचारतात, "बाय, आंग सोडुचा म्हंजे काय करुचा?" हॉलभर हशा, पण खरं सांगू, एका डॉक्टरने या एका प्रश्नात अख्खा जन्म घालवलाय.

एडमंड जेकबसन, अमेरिकेतले. 1908 च्या सुमारास हार्वर्डमध्ये ते अचानक मोठा आवाज झाला की माणूस दचकतो कसा हे तपासत होते, आणि त्यांना दिसलं की स्नायू खरोखर सैल असलेला माणूस फारसा दचकतच नाही. पुढे शिकागोला बरीच वर्षं काम करून 1929 साली त्यांनी स्नायू सैल सोडायची पद्धत पुस्तकात मांडली. मुद्दा साधा होता, की नुसतं 'रिलॅक्स हो' म्हणून कोणी होत नाही, कारण आपण कुठे आवळलोय हेच आपल्याला कळत नसतं, म्हणून आधी ते ओळखायला शिकायचं, एकेक स्नायू घेऊन. पण हे शिकायला महिनोन् महिने लागायचे, एवढा वेळ कोणाकडे? मग 1958 मध्ये जोसेफ वोल्पे या दक्षिण आफ्रिकेच्या डॉक्टरने भीती घालवायच्या उपचारात हेच वापरलं, ते पण बरंच छाटून. आज शिबिरात जे मूठ पाच-सात सेकंद घट्ट आवळा, मग एकदम सोडा असं करवतात ना, ते या छाटलेल्या वाटेने आलंय. 1975 ला अमेरिकेतल्याच डॉ. हर्बर्ट बेन्सनचं 'रिलॅक्सेशन रिस्पॉन्स' हे पुस्तक गाजलं आणि विषय घराघरात गेला.

आता कोणीतरी म्हणणारच, हे तर आपलं शवासन! हो आणि नाही. हठप्रदीपिका या योगाच्या जुन्या ग्रंथात जमिनीवर प्रेतासारखं उताणं पडणं म्हणजे शवासन, त्याने थकवा जातो, मनाला विश्रांती मिळते असं स्पष्ट आहे. पण आवळून-सोडून ओळखायचं, हे जेकबसनच्या वाटेचं. (व्हॉट्सअपवरचं 'सगळं आपल्याकडूनच चोरलं' मला पटत नाही.) शवासन दवाखान्यात तपासलं ते मात्र आपल्याच मुंबईत. डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी ब्लडप्रेशरच्या 47 पेशंटना ते शिकवलं, 1969 मध्ये छापलं, बऱ्याच जणांचं प्रेशर उतरलं आणि काहींचा गोळ्यांचा डोस कमी करता आला. आजच्या मापाने अभ्यास छोटाच, म्हणून हे वाचून कोणी गोळ्या बंद करू नका हां. दात्यांच्या त्या सहकाऱ्यांतले डॉ. विनेकर लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेचे, जिथे स्वामी कुवलयानंदांनी 1924 पासूनच योग प्रयोगशाळेत नेला होता.

आमच्याकडे अडचण वेगळीच, मनाचं काही म्हटलं की लोक लगेच 'रत्नागिरीला पाठवताय काय' म्हणतात, तिथलं मेंटल हॉस्पिटल डोक्यात पक्कं बसलंय. म्हणून बाईंनी मन हा शब्दच काढला नाही, फक्त हात. काकांना उजवी मूठ आवळायला लावली, सोडायला लावली, तीनदा. काका थोडा वेळ तळहाताकडे बघत राहिले, बोटं अजून अर्धवट वळलेलीच होती.

"म्हंजे झोपेतय माजो हात दोरी धरून असता," म्हणाले.