ओ-रिंग: बसवताना बिघडते, गळते मात्र नंतर

५ मे १९८३ रोजी ईस्टर्न एअरलाइन्सचं तीन इंजिनांचं एल-१०११ विमान मायामीहून नासाऊला निघालं आणि वाटेतच तिन्ही इंजिनांचं तेल गळायला लागलं. मधलं इंजिन वैमानिकांनी बंद केलं. मायामीकडे परत फिरल्यावर उरलेली दोन्हीही थांबली. विमान सुमारे ४ हजार फुटांपर्यंत खाली आलं, तेव्हा कुठे मधलं इंजिन पुन्हा सुरू झालं आणि १७२ जण सुखरूप उतरले. झालं होतं इतकंच: देखभालीत तेलातले धातूचे कण पकडणारे चिप डिटेक्टर बदलले होते आणि त्यांच्यावर तेल अडवणाऱ्या रबरी गोल कड्या, म्हणजे ओ-रिंगच, नव्हत्या.

तिथे रिंग नव्हत्याच. पण रिंग असूनही तशीच गळती होऊ शकते, आणि तिचं मूळ बऱ्याचदा बसवतानाच्या काही सेकंदांत असतं. ते का, हे समजायला ओ-रिंग नेमकं काय करते ते पाहावं लागतं.

ओ-रिंग म्हणजे फटीत कोंबलेलं बूच, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. रबर दाबलं तर आकार बदलतं, आकारमान जवळजवळ बदलत नाही. या बाबतीत ते घट्ट द्रवासारखं वागतं: एका बाजूने दिलेला दाब ते सगळीकडे पोचवतं. रिंग धातूतल्या ज्या खाचेत बसते तिची खोली रिंगच्या जाडीपेक्षा थोडी कमी ठेवतात, म्हणजे झाकण बसलं की रिंग चेपते आणि धातूवर सुरुवातीचा एक दाब देते. मग तेलाचा दाब रिंगच्या एका बाजूवर येतो, रिंग खाचेच्या पलीकडच्या भिंतीला टेकते आणि तोच दाब धातूवर देते, सुरुवातीच्या दाबात मिळवून. तेलाचा जोर वाढला तरी रिंगचा दाब तेवढ्या फरकाने वरचढच राहतो. तेल जितकं रेटेल तितकी रिंग घट्ट बसते!

आता आकडे घेऊ. रिंगची जाडी ३.५३ मिलिमीटर, खाच २.८५ मिलिमीटर खोल. चेप ०.६८ मिलिमीटर, म्हणजे १९ टक्के. हीच रिंग परिघात ५ टक्के ताणलेली राहिली तर आकारमान तेच राहायचं असल्यामुळे जाडी १.०५ च्या वर्गमुळाने भागली जाते आणि ३.४४ च्या आसपास येते. चेप साधारण १७ टक्क्यांवर उतरतो. २० टक्के ताण राहिला तर जाडी ३.२२ आणि चेप जेमतेम साडेअकरा टक्के. म्हणून खाचेत बसल्यावरचा कायमचा ताण ५ टक्क्यांच्या आत ठेवायचा. रबर दबून लहान होत नाही, त्याला बाजूला सरकायला जागा लागते. शिवाय तापल्यावर ते पोलादाच्या दहापटीहून जास्त फुगतं. त्यामुळे खाचेत साधारण १५ टक्के जागा मोकळी सोडतात. ती ग्रीसने भरून टाकणं हेही नुकसानच.

या हिशेबात एक ओरखडा आणला की सगळं कोसळतं. ओरखड्याच्या तळाशी रबर धातूला टेकत नाही, म्हणजे सुरुवातीचा दाब तिथे शून्य. तेल आत शिरतं आणि वरचढपणा संपतो. धातूवरचा ओरखडा परिघाच्या दिशेने असेल तर तो तितका घातक नसतो. आडवा असेल, म्हणजे आतून बाहेर जाणारा, तर ती तेलासाठी तयार वाट असते.

म्हणून जुनी रिंग काढायला पोलादी टोच्या किंवा स्क्रू ड्रायव्हर वापरायचा नाही. बोथट टोकाचा प्लॅस्टिकचा किंवा पितळी आकडा वापरायचा. खाच धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसायची आणि भिंगातून पाहायची. नवी रिंग कोणत्या रबराची आहे हे रंगावरून ठरवू नये, काळ्या नायट्राइलमध्ये आणि काळ्या व्हायटॉनमध्ये डोळ्यांना फरक दिसत नाही. पाकिटावरचा पार्ट नंबर मॅन्युअलशी जुळवायचा.

रिंगला त्याच इंजिनाच्या तेलाचा पातळ हात द्यायचा. वाटेत आटे असतील तर त्यांवर पातळ गुळगुळीत टोपी चढवायची, कारण आट्याची धार ब्लेडसारखी कापते. रिंग सगळ्या बोटांनी सारखी ताणायची, शाफ्टवरून लाटत न्यायची नाही. लाटली की ती स्वतःभोवती पिळते, आणि हलत्या भागात अशा रिंगवर पुढे ४५ अंशांचे तिरके चिरे पडतात. पीळ ओळखायची खूण सोपी आहे: साच्याची बारीक शिवण रिंगवर दिसते. ती सरळ एका रेषेत फिरायला हवी. मळसूत्रासारखी वळत गेली तर गोल टोकाची गुळगुळीत काडी रिंगखालून एकदा पूर्ण फिरवायची. मग ताणलेलं रबर मूळ आकाराला येईपर्यंत काही मिनिटं थांबायचं.

भाग आत ढकलताना सरळ ढकलायचा. भाग ज्या भोकात जातो त्याच्या तोंडाची कड १५ ते २० अंशांनी तिरकी असते, रिंग हळूहळू चेपावी म्हणून. हाताला जोर वाढत गेल्यासारखा वाटला आणि एकदम सैल पडला, तर रिंग कापली गेली असं समजून भाग बाहेर काढायचा. कडेला केसाएवढी काळी पट्टी सापडते.

इंजिनाच्या तप्त भागात रबर टिकत नाही, तिथे एका जागी कापलेली धातूची रिंग असते. ती लागेल तेवढीच फाकवायची. सोडल्यावर मूळ फटीवर परतली नाही, तर फेकून द्यायची.

गळती दिसली की “अजून आवळा” असा सल्ला मिळतो. धातूला धातू टेकला की चेप खाचेच्या खोलीने ठरलेला असतो, जास्त टॉर्कने, म्हणजे आवळण्याच्या जोराने, फक्त बोल्ट ताणले जातात. तेलात ओतून जुनं सील “पुन्हा तरुण” करणाऱ्या बाटल्यांवरही विश्वास ठेवू नये. त्यातली रसायनं रबर फुगवून मऊ करतात, कापलेलं सांधत नाहीत.

शेवटी स्टार्टरवर इंजिन फिरवून टॉर्चने सांधा खालून पाहायचा, मॅन्युअल सांगेल तितका पूर्ण वेळ. १९८३ च्या त्या विमानातही ही तपासणी झाली होती. ती इतकी थोडा वेळ चालली की तेल बाहेर यायला सवडच मिळाली नाही.